बिनदात्यांचा गिअरबॉक्स

ओत्तुक, १४ मे २००६

रविवार. सकाळी उणे दोन, दुपारी अकरा, संध्याकाळी पश्चिमेचा वारा. पहाटे दुधाच्या ट्रकमधून हवामान केंद्रावरून खाली उतरले. भाकरी केली, मेंढ्यांना पाणी दिलं, आणि जेवणानंतर मुकाशच्या गाडीवरचं लोकरीचं पांघरूण काढलं.

जापार,

फोन केला नाही, कारण फोन तुझ्या वडिलांच्या उशाशी आहे आणि त्यांना ऐकू कमी येतं असं फक्त तुला वाटतं. हे पत्र तोलोगोनच्या मिनीबसमधून पाठवते. बरोबरची कुरुतची पिशवी तुझ्या आईनं दिली आहे. गोळे वळायचं दही यंदा जरा जास्त खारवलंय, तक्रार करू नकोस.

गाडीचं सांगते. इंजिन सुरू झालं. दांडा पुढे टाकला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी हलत नाही. अजून जोर दिला की खालून कोणी पाटीवर खडू उलटा ओढावा तसा आवाज येतो आणि गाडी हातभर सरकून थांबते. गेल्या सप्टेंबरात कोचकोरच्या खाणावळीत तुझा भाऊ मुकाश बसल्या जागी गेला, त्या सकाळी तो याच गाडीतून प्रवासी घेऊन बिश्केकहून निघाला होता. तेव्हा ती चालत होती. मग ती घरी आली आणि पांघरुणाखाली गेली. मधे तिला कोणी हात लावलेला नाही. उभ्या उभ्या गाडी कशी बिघडते, ते तू सांग. गाड्यांचे सुटे भाग विकतोस ना तू.

आमच्या गल्लीतला शारशेन पाहायला आला होता. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, पण माणूस नीट आहे. तो दार उघडून आत बसायला गेला तर तुझे वडील काठी आडवी धरून उभे.

"उतर."

"काका, अजून चढलोच नाही."

"मेलेल्याच्या घोड्यावर वर्षाची आश होईपर्यंत कोणी बसत नाही."

"घोड्यावर नाही. पण ही गाडी आहे, आणि ब्रेक दाबल्याशिवाय हिचा दांडा सुटत नाही."

"मग हातानं दाब. हात लावणं म्हणजे बसणं नव्हे."

शेवटी शारशेन दाराबाहेर गुडघ्यांवर बसला आणि फावड्याच्या दांड्यानं ब्रेक दाबत राहिला. तुझे वडील स्टूल टाकून पाहत होते. गाडी सुरू करायला तरी ते तयार झाले हेच खूप. मी म्हटलं, घोड्यावर बसत नाहीत, पण त्याला उपाशी बांधूनही ठेवत नाहीत. ते त्यांना पटलं.

आश २३ सप्टेंबरला ठरली आहे. वर्षाचं जेवण झालं की मी काळे कपडे उतरवेन आणि गाडीत बसायची मोकळीक होईल. १ ऑक्टोबरला हिवाळ्याचं वेळापत्रक लागतं. आमच्या प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं आहे: केंद्राची गाडी बंद झाली, घाटात पाळीला स्वतःच्या सोयीनं येणारा माणूसच ठेवणार. उन्हाळ्यात ट्रक थांबतात, बर्फात कोणी थांबत नाही. मला गाडी चालवता येते ती फक्त ही. क्लचची मला सवय नाही. ही गाडी आशच्या दुसऱ्या दिवशी चालली नाही, तर माझं काम जाईल. एवढंच आहे.

साल्किन


बिश्केक, १९ मे

जेंगे,

कुरुत मिळालं. एक तोंडात टाकलं आणि दोन ग्लास पाणी प्यालो. आईला सांगा, झकास झालंय.

तुम्ही उगाच घाबरता. तेल आहे ते, दुसरं काही नाही. थंडीत तेल बसतं, जड होतं, मग आतली चाकं पकडत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये नव्वद टक्के आजार तेलाचेच. मी चांगल्यातल्या चांगल्या तेलाचे दोन डबे पाठवतो आहे. जुनं काढा, नवं भरा, दोनदा पुढे-मागे करा, आणि मग मला आशीर्वाद द्या.

शारशेनला सांगा, ट्रॅक्टर नाही तो, हातोडी घरी ठेव.

बाबांना फावड्याच्या दांड्यासमोर स्टूल टाकून बसलेलं पाहायला मी पैसे दिले असते. त्यांची तब्येत कशी आहे? माझ्याशी फोनवर फक्त मेंढ्यांबद्दल बोलतात.

नोकरीची काळजी करू नका. मी असताना काळजी कसली?

तुमचा दीर, जापार


ओत्तुक, ४ जून

रविवार. ढगाळ, दुपारी थोडा पाऊस. सकाळी सात अंश. मेंढ्या कुरणावर गेल्या, त्यामुळे अंगण रिकामं आहे.

जापार,

तू असताना काळजी कसली, हे मी तुझ्या तेलाचे दोन डबे समोर ठेवून वाचलं.

शारशेननं खालचं झाकण काढलं. जुनं तेल परातीत घेतलं. उन्हात धरलं तर त्यात चांदीची बारीक पूड दिसली. माशाच्या खवल्यासारखी. मग त्यानं तुझा डबा उचलला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. म्हणाला, "हे दात्यांच्या गिअरबॉक्सचं तेल आहे. आणि या पेटीत दाते नाहीतच."

मी त्याला म्हटलं, गिअरबॉक्समध्ये दाते नाहीत म्हणजे काय? त्यानं दोन चहाच्या वाट्या तोंडाला तोंड करून धरल्या आणि मधे कुरुतचा गोळा ठेवला. एक वाटी इंजिन फिरवतं, दुसरी चाकांना फिरवते, आणि मधली चकती कलते तसा वेग बदलतो. धातूला धातू लागत नाही, मधे तेलाचा पापुद्रा असतो, आणि ते तेलही वेगळंच लागतं. म्हणून या गाडीला गिअर बदलताना हिसका नाही. असली पेटी त्यानं आयुष्यात एकदाच पाहिली आहे, तीही नारीनला, भंगारात. जपान्यांनी थोड्याच गाड्यांत बसवली आणि पुढे करायची सोडून दिली, असं तो म्हणतो.

हिसका नसतो हे मला ठाऊक होतं. ज्या म्हाताऱ्यांना घाटात उलट्या व्हायच्या, त्या मुकाशच्या गाडीसाठी थांबून राहायच्या. प्रसूतीला जाणाऱ्या बायका पण. समोरच्या कप्प्यात त्यानं ठेवलेल्या कागदी पिशव्या आहेत, सगळ्या घडी केलेल्या, एकही वापरलेली नाही.

शारशेनला एक गोष्ट खटकत होती. विचारलं, "ही गाडी घरी कशी आली? चालवत आणली की ओढत?" मी म्हटलं माहीत नाही. त्या दिवशी मी आत बायकांमध्ये होते. तू कोचकोरला गेला होतास. तर सांग, कशी आणली?

खरं तेल कुठलं तेही शोध.

साल्किन


बिश्केक, १५ जून

जेंगे,

तेल विसरा. मोठी बातमी आहे. पूर्ण गिअरबॉक्स मिळाला. बाजाराच्या पलीकडच्या टोकाला एका उइगुर व्यापाऱ्याचं कंटेनरमधलं दुकान आहे, त्याच्याकडे तुमच्याच गाडीचा, त्याच वर्षाचा, त्याच इंजिनचा. मी स्वतः हातानं पुसून पाहिला. मालक म्हणाला, "असा माल तुला भावासारखा म्हणून देतो." मी म्हटलं, भावासारखा म्हणतोस तर भावाच्या किमतीत दे. तो म्हणाला, तेवढा सख्खा नाहीस.

तोलोगोन मिनीबसमध्ये घेत नाही म्हणाला, म्हणून कोळशाच्या ट्रकवर चढवला आहे. मंगळवारी पोहोचेल. चार माणसं लागतील उतरवायला.

शारशेन खूप प्रश्न विचारतो. दुरुस्ती करणाऱ्यानं दुरुस्ती करावी.

नोकरीचं वेळापत्रक काढून ठेवा भिंतीवर.

जापार


ओत्तुक, २५ जून

रविवार. स्वच्छ. दुपारी बावीस.

जापार,

गिअरबॉक्स बसत नाही.

तीन दिवस शारशेन खाली आडवा होता, आणि तुझे वडील बरोबर स्टूलावर. त्यांनी त्याला चहा स्वतःच्या हातानं नेऊन दिला, यावरून समज. जुना उतरवला, नवा जॅकवर उचलला, आणि बोल्टांची भोकंच जुळेनात. शारशेननं झाकण उघडून पाहिलं. आत दाते. नेहमीचा ऑटोमॅटिक. गाडी तीच, वर्ष तेच, इंजिन तेच, पण त्या गाडीत दोन प्रकारच्या पेट्या यायच्या आणि तू दुसरी पाठवलीस. पाठवण्याआधी आत डोकावलं असतंस तर?

तो बसवायचा तर वायरी, संगणक, मागच्या चाकांकडे जाणारा मधला दांडा, सगळं बदलावं लागेल. शारशेन म्हणतो, त्यापेक्षा बैल जुंप.

आता तो अंगणात पडला आहे. कोंबड्या त्यावर बसतात. तुझी आई त्यावर परात ठेवून कणीक मळते, म्हणते उंची बरी आहे.

आणि तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. शारशेन रोज विचारतो. मी विचारते ते एकदाच, पण विसरत नाही.

साल्किन


बिश्केक, ६ जुलै

जेंगे,

चुकलो. कबूल. उइगुर म्हणतो परत घेणार नाही, भोकं तुम्ही मोजायला हवी होती. त्याच्याशी भांडून माझा आवाज बसला आहे, म्हणून पत्र लहान.

वितालिक नावाचा एक रशियन आहे, फक्त ऑटोमॅटिक उघडतो. त्याला तुमच्या पेटीचं नाव सांगितलं तर हसायला लागला. म्हणाला, "ती उघडत नाहीत, पुरतात." सुटा भाग कोणी विकत नाही, कंपनीसुद्धा पूर्ण पेटीच द्यायची, तीही आता देत नाही. म्हणजे अपघातात गेलेली तशीच गाडी शोधावी लागेल. मी अल्माटीला, ओशला, सगळीकडे सांगून ठेवलं आहे.

एवढं शोधून मिळेल की नाही ठाऊक नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या गोष्टीचं काही सांगण्यासारखं नाही. गाडी आली, बस.

जापार


ओत्तुक, १६ जुलै

रविवार. सकाळी नऊ, गारा. केंद्रावर आठवडाभर वारा होता.

जापार,

तुझं पत्र तोलोगोननं आणलं. तो चहा प्यायला थांबला. मी त्याला काही विचारलं नव्हतं. तो स्वतःच गाडीकडे बघून म्हणाला, "काय मानानं आणली होती हिला."

मी विचारलं, कशी?

त्यानं आनंदानं सांगितलं. तुम्ही सगळे ड्रायव्हर कोचकोरला जमला होता. मुकाशला मिनीबसमधून पुढे पाठवलं. मग तू घरी फोन केलास की गाडी कोण चालवून आणेल, आणि तुझे वडील म्हणाले, त्याच्या जागेवर कोणी बसायचं नाही, लगाम धरून आणा. म्हणून तुम्ही ट्रक बोलावला, गाडीचं नाक उचलून ट्रकच्या मागच्या फळीला बांधलं, आणि मागच्या चाकांवर तिला दोलोन घाट चढवून, उतरवून घरी आणलं. पुढे-मागे दिवे लावून सगळ्या मिनीबस. "रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून उभे राहिले, ताई," असं म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला दुसरा कप दिला.

तो गेल्यावर मी शारशेनकडे गेले आणि आडून विचारलं की असली पेटी ओढल्यानं बिघडते का. म्हणाला, "हिला दुसरं काही मारतच नाही. चाकं मागची फिरतात, आणि इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद. आतलं सगळं कोरडं घासतं. हातगाडी ओढावी तशी ओढली असेल कोणी गाढवानं." मी म्हटलं, मी नुसतं विचारलं.

तू मला का सांगितलं नाहीस ते आता कळतं. तुझ्या वडिलांना वाचवायचं होतं. मलाही तेच करायचं आहे, म्हणून तुझ्यावर रागावता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

आज सकाळी त्यांनी विचारलं, "यंत्राला खाल्लं कशानं?" माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, तेल खराब होतं. ते भाकरी खाली ठेवून म्हणाले, "माझा मुलगा खराब तेल घालत नव्हता." आणि उठून गेले. दुपारी जेवले नाहीत. म्हणजे मी एकाला वाचवायला गेले आणि दुसऱ्याला बेफिकीर ठरवलं, ज्याला आता उत्तर देता येत नाही. आता दुसरं काय सांगायचं ते तू सुचव. लवकर सुचव, आणि मला विचारल्याशिवाय काही करू नकोस.

मधल्या काळात शारशेनच्या जुन्या मोस्कविच गाडीवर क्लच शिकायला बसले होते. त्याच्या कुंपणाच्या चार फळ्या गेल्या. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही हवामानच बघा."

साल्किन


बिश्केक, २८ जुलै

जेंगे,

बाबांचं मी पाहिलं आहे. तेलाचा विषय पुन्हा निघणार नाही. तुम्ही त्यावर काही बोलू नका.

पेटीचा शोध चालू आहे. ओशला एक निघाली होती, पण ती आधीच कोणीतरी उघडून मासे तळायला तवा म्हणून वापरत होतं, निदान तसं ऐकलं.

कुंपणाच्या फळ्या मी भरून देईन.

जापार


ओत्तुक, २० ऑगस्ट

रविवार. सकाळी चार, आकाश स्वच्छ. डोंगरमाथ्यावर नवं बर्फ.

जापार,

बाबांचं तू काय पाहिलंस ते मला आज कळलं, आणि तेही तुझ्या आईकडून, लोकर पिंजताना.

तू फोनवर त्यांना सांगितलंस की पेटीत मुळातच खोट होती, तुला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तू ती गाडी बाजारातून निवडून मुकाशला दिलीस, कारण विकणारा तुझ्या ओळखीचा होता. असं का? मी तुला आधी विचार म्हणून लिहिलं होतं ना? तू मुकाशसाठी ती गाडी शोधायला तीन महिने फिरलास. मला आठवतं. मुकाश रोज घरी येऊन तुझ्यावर वैतागायचा की हा अजून एक बघू, अजून एक बघू म्हणतो.

तुझ्या आईनं सांगितलं की ते तुला म्हणाले, "थोरल्या भावाला लंगड्या घोड्यावर बसवलंस. आशला पाहुण्यासारखा ये, जेव, आणि जा." म्हणजे तू दाराशी उभा राहून लोकांचं स्वागत करायचं नाही. त्याच्या सख्ख्या भावानं. सगळ्या गावासमोर.

खरं सांगायला मी त्यांच्याकडे दोनदा गेले. पहिल्या वेळी ते नमाज पढत होते. दुसऱ्या वेळी ते अंगणात गाडी पुसत होते. ओल्या फडक्यानं, कानामागे पुसावं तसं दिव्यांच्या खाचेत. मी बादलीतलं पाणी बदलून दिलं आणि आत आले.

एक खोटं बोललं की कोणीतरी दुखावतं. तेल म्हटलं तर मुकाश. पेटी म्हटली तर तू. खरं म्हटलं तर ते. वजाबाकी कशीही केली तरी कोणीतरी उरतोच. मी दमले आहे, जापार.

गाडीचं आता राहू दे. प्रमुखांना मी सांगेन की ऑक्टोबरपासून दुसरं माणूस बघा. तू मात्र आशला ये, आणि दाराशीच उभा राहा. काय होईल ते होवो.

साल्किन


बिश्केक, ५ सप्टेंबर

जेंगे,

प्रमुखांना काही सांगू नका. महिनाअखेरपर्यंत तरी नको.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत, हे नवीन नाही. लहानपणी एकदा मी घोडीची शेपूट कापली तेव्हा उन्हाळाभर बोलले नव्हते. मुकाश मधे पडून निरोप आणायचा. "बाबा म्हणतात मीठ दे." "त्यांना सांग, घ्या." आता मधे पडायला तो नाही, एवढाच फरक.

मी सहन करू शकतो. ते नाही करू शकत. साधा हिशेब आहे.

आशचं बघू.

जापार


ओत्तुक, २४ सप्टेंबर

रविवार. सकाळी शून्य, दुपारी बारा, वारा नाही. काल आश झाली. आज भांडी घासली, उसनी आणलेली परत केली. काळे कपडे धुऊन दोरीवर टाकले आहेत.

जापार,

तू आला नाहीस. तुझ्या आईनं तुझ्या वाटणीचं मांस झाकून ठेवलं होतं. रात्री ते शेजारच्या म्हातारीला दिलं.

आता जे झालं ते सांगते. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

गाडी कुरणावर न्यायची होती. वडिलांचा हट्ट होता की ती तंबूसमोर उभी राहिलीच पाहिजे. पुन्हा नाक उचलून नेली. शारशेननं मधला दांडा आधीच काढून ठेवला होता, म्हणजे चाकं फिरली तरी पेटी फिरणार नाही. डोंगरावरची अर्धी वस्ती आली होती. तिच्यावर गालिचा टाकला, लोक येऊन तिला हात लावून जात होते. सगळं नीट चाललं होतं.

जेवताना वडील वरच्या जागी, त्यांच्या डाव्या हाताला ड्रायव्हर मंडळी, आणि पलीकडे शारशेन. मी चहा ओतत होते. तोलोगोननं बोलायला सुरुवात केली. मी त्याचा कप भरला, पुन्हा भरला, काही उपयोग झाला नाही. तोच कोचकोरचा किस्सा, ट्रक, फळी, दिवे, थांबलेले लोक. "काकांनी सांगितलं लगाम धरून आणा, आम्ही लगाम धरून आणली. पूर्ण घाट, मागच्या दोन पायांवर."

शारशेनच्या हातातलं हाड तसंच राहिलं. म्हणाला, "म्हणजे ते तुम्ही होतात होय. मी जूनपासून विचारतोय."

"काय विचारतोयस?" तुझे वडील म्हणाले. ज्यांना ऐकू कमी येतं.

शारशेननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो साधा माणूस आहे, त्याला माझ्या मानेचा अर्थ कळला नाही. त्यानं सगळं सांगितलं. बंद इंजिन, बंद पंप, कोरड्या वाट्या. तोलोगोनचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली.

वडिलांनी हातातली सुरी पुसून खाली ठेवली. मग विचारलं, "पेटीत आधीपासून खोट होती?"

"नाही काका. पेटी चांगली होती. जपून वापरलेली. अजून दहा वर्षं गेली असती."

"नीट सांग. खोट नव्हती?"

"नव्हती म्हणतो ना."

"म्हणजे जापारनं चांगला घोडा दिला होता."

त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. मी भांडं धरलं. हात धुता धुता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते माझ्याशी बोलले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"त्यालाही?"

"हो."

"केंद्रावर वादळ दिसलं तर तू काय लिहितेस? वादळ लिहितेस, की खालचे लोक घाबरतील म्हणून ऊन लिहितेस?"

"वादळ."

"मग घरातच ऊन कशाला लिहिलंस? मी काय काचेचा आहे? मुलगा पुरला मी. त्याच्यापुढे ही लोखंडाची पेटी काय?" मग तोलोगोनकडे वळून म्हणाले, "तू मान खाली घालू नकोस. मी सांगितलं तसं तू केलंस. पूर्वी आशच्या दिवशी मेलेल्याचा घोडा कापायचे. हा घाटातच गेला. दुसरा कोणी बसला नाही त्याच्यावर. ठीक झालं." आणि टोपी सरळ करून म्हणाले, "धाकटा कुठे आहे? दाराशी का नाही?"

उन्हाळाभर आपण दोघं काय करत होतो, जापार? मी दोन महिने शब्द तोलून बोलले. तू स्वतःला भावाचा गुन्हेगार करून घेतलंस. आणि म्हाताऱ्यानं ते सगळं हात धुता धुता उरकलं. मला हसू आलं की रडू, ते कळलं नाही. भांड्यातलं पाणी त्यांच्या बुटांवर सांडलं.

रात्री त्यांनी स्वतः तुला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. आज सकाळी पुन्हा लावला. कुठे आहेस? आता मला विचारू नकोस की ते रागावलेत का. रागावलेत. तू आला नाहीस म्हणून.

साल्किन


बिश्केक, २७ सप्टेंबर

जेंगे,

मी अल्माटीत होतो. तुमचं पत्र आज मिळालं, चार वेळा वाचलं. मग बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मेंढ्या खाली आल्या, दोन कमी आहेत." मी म्हटलं, "शोधा." ते म्हणाले, "तू ये आणि शोध." एवढंच बोलणं झालं. फोन ठेवल्यावर मी माझ्या दुकानाच्या कंटेनरमागे जाऊन बसलो थोडा वेळ.

पाहुणा म्हणून यायला पाय उचलला नाही, हे खरं. म्हटलं, निदान त्या दिवशी मुकाशचंच काम करावं. अल्माटीला एक गाडी पुढून चेपलेली निघाली, मागचं सगळं शाबूत. या वेळी भोकं मोजली. झाकण उघडलं, आत डोकावलो, दाते नाहीत हे स्वतः बोटानं चाचपलं. तेल त्याच गाडीबरोबर जपानहून आलेलं, बंद डबे. वितालिकनं पाहिलं आणि हसला नाही.

उद्या मीच घेऊन निघतो. ट्रकवर पेटीशेजारी बसून. कोणावर विश्वास नाही.

शारशेनला सांगा, हातोडी घरी ठेव.

जापार


घाटाखालचं केंद्र, ८ ऑक्टोबर

रविवार. सकाळी उणे सहा, हलकं बर्फ, दृश्यमानता कमी. दुपारनंतर उघडलं.

जापार,

तू गेल्यापासून घर शांत आहे. तुझ्या वडिलांना दोन मेंढ्या सापडल्या ते तू नसताना, म्हणून आता ते म्हणतात की तुझ्यानं काही होत नाही. म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं.

गाडी चालते. शारशेन पहिल्यांदा सीटवर बसला तेव्हा म्हणाला, पाच महिने हे मला बाहेर गुडघ्यांवर बसवून करून घेतलंत. वडील म्हणाले, म्हणूनच नीट झालं. पेटी चढावर थोडी कण्हते. शारशेन म्हणतो तिचा स्वभाव आहे. दांडा थांबायच्या जागी टाकला तरी उतारावर ती धरत नाही, हळूच सरकते. तो म्हणतो त्यासाठी पुन्हा उघडावी लागेल. मी म्हटलं, उघडायची नाही. आता या जन्मात कोणी ती उघडायची नाही.

अंगणातली दात्यांची पेटी तुझी आई देत नाही. तू उइगुराला सांग, गेली.

वेळापत्रकात माझं नाव लागलं आहे. काल प्रमुखांनी विचारलं, "बर्फात एकटी येशील?" मी म्हटलं, येईन.

आज पहाटे निघाले. रस्त्यावर कोणी नव्हतं. वळणावर एक म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. गाडी ओळखून तिनं हात केला, मग चालवणारं माणूस पाहून खाली घेतला. मी थांबले. तिला वरच्या वस्तीवर जायचं होतं. उतरताना म्हणाली, "पोट ढवळलं नाही."

केंद्रावर आले तेव्हा उजाडत होतं. गाडी भिंतीला लावली, इंजिन बंद केलं. ती जरा मागे सरकली. खाली उतरून मागच्या चाकाखाली दगड सरकवला, पायानं दाबून पाहिला, आणि वर जाऊन चूल पेटवली.

साल्किन